तीन डझन अंडी आणि एक टमरेल

लग्न माझं नाही हो! ...नाही, आधीच सांगून टाकतो, कारण मघापासून तुम्ही सगळ्याजणी माझ्या टोपलीकडे बघताय, मग माझ्याकडे बघताय, मग एकमेकींकडे बघून खुसुखुसु हसताय, आणि या पिवळ्या झग्यातल्या मावशींनी तर पोरीच्या कानात सांगितलंसुद्धा, 'बघ, काही नवरे स्वतः येतात सांता क्लाराला अंडी द्यायला, नाहीतर तुझा तो!' मावशी, मी ऐकलं. माझं लग्न होऊन सतरा वर्षं झाली, चार मुली आहेत, थोरल्या दोघी माझ्यापेक्षा उंच आहेत, आणि मी नौदलातला माणूस आहे, विशेष दलातला, पाण्याखाली जाऊन... हसू नका! विशेष दलात पाच फूट एक इंचाची माणसंही असतात. निदान एक तरी आहे. होनोरातो मागसिनो, नोनोय म्हणतात सगळे, होडीचा तांडेल. आणि ही तीन डझन अंडी सरकारी आहेत! हुकूम आला म्हणून आलोय मी इथे, नाहीतर मला काय हौस आहे, एवढ्या नवऱ्यामुलींच्या रांगेत एकट्यानं टोपली घेऊन उभं राहायची?

आता या सांता क्लारा संतिणीच्या मठात अंडी कशासाठी देतात ते तुम्हाला मी काय सांगणार! लग्नाच्या दिवशी ऊन पडावं, झगा भिजू नये, फोटो चांगले यावेत. मान्य. नवरीनं भिजू नये, शंभर टक्के मान्य. पण तुम्हीच सांगा, पाण्यातल्या स्पर्धेला निघालेल्या माणसांसाठी कोणी अंडी देतं का? पाऊस पडू नये म्हणून? अहो, आम्ही भिजायलाच चाललो होतो!

झालं काय, गेल्या साली आमच्या कमांडरांनी, व्हिल्याफ्लोर साहेबांनी, मला बोलावून घेतलं. साहेब माणूस चांगला, पण गोड बोलायला लागला की समजायचं, आपलं काहीतरी जाणार. 'ये नोनोय, बस नोनोय, कॉफी घे नोनोय.' मी म्हटलं, मेलो. 'नोनोय, तू एकोणचाळीसचा झालास. आता जरा आरामाचं काम घे. गोदामात माणूस हवाय, पायाला लावायचे रबरी पंखे मोजायला. डावे वेगळे, उजवे वेगळे.' मी म्हटलं, 'साहेब, होडी?' तर म्हणतात, 'होडीत आता पोरं बसू देत. हां, यंदाच्या स्पर्धेत पहिले आलात तर मी काही बोलणार नाही, तुझी जागा तुझी. नाहीतर एक तारखेपासून गोदाम.'

गोदाम! तुम्हाला सांगतो, मला मरणाची भीती नाही, पण त्या गोदामाची आहे. जमिनीवर मी कोण हो? गर्दीत उभा राहिलो तर बायको हाक मारून शोधते. पण होडीत मागच्या टोकाला सुकाणूचं वल्हं घेऊन बसलो ना, की पाच धिप्पाड माणसं माझ्या आवाजावर उठतात आणि माझ्या आवाजावर वाकतात, आणि तिथे कोणी कोणाची उंची मोजत नाही. माझा बाप मासेमारी करायचा. लाट कशी मोजायची, कुठली सोडायची, कुठलीच्या पाठीवर बसून किनाऱ्याला यायचं, हे त्यानं मला शिकवलं, आणि एवढं एकच मला येतं. दुसरं काही येत नाही. ते गेलं की मी गेलो. म्हणून ठरवलं, जिंकायचंच. काय वाट्टेल ते होवो.

आता स्पर्धेला येतात कोण? सगळ्या दलांची पथकं. पण खरी गाठ एकाशीच, डोंगरवाल्यांशी. सहाच्या सहा पोरं चोवीस-पंचविशीची, खांदे असे की दारातून तिरकं यावं लागतं, आणि त्यांचा म्होरक्या सार्जंट गालांग. वागायला सभ्य, दिसायला देखणा, आणि भेटला की मला 'काका' म्हणणार! ही पोरं पोहण्यात आमचा बाप. सपाट पाण्यात त्यांना गाठायचं नाव घेऊ नका. पण लाटा असल्या ना, की डोंगरातल्या माणसाचं पोट ढवळतं. म्हणून माझा सगळा बेत एकाच गोष्टीवर... खवळलेला समुद्र! आणि देवाची करणी बघा, स्पर्धेच्या आठवड्यातच वादळाची बातमी आली. मी रेडिओचं चुंबन घेतलं!

तीन आठवडे आम्ही वाईटातल्या वाईट हवेत सराव केला. उलटायचं, सुलटं करायचं, पुन्हा उलटायचं. प्रत्येक वल्हं बांधलेलं, प्रत्येक दोरी बांधलेली, मी 'लाट!' म्हणालो की सहा डोकी खाली. संध्याकाळी घरी जायचो तो दात वाजवत. आणि घरी कोण? आमच्या सासूबाई. आलिंग पुरिसिमा. तुम्ही भेटायला हवं होतं त्यांना. त्या आज गुडघे दुखतात म्हणून आल्या नाहीत, नाहीतर ही रांग त्यांनीच चालवली असती. या बाईंचा ठाम विश्वास, की दमलेल्या, तापलेल्या अंगाला पाणी लागलं की शिरा आखडतात आणि हात थरथरायला लागतात. इस्त्री केली तर दुसऱ्या दिवसापर्यंत हात धूत नाहीत! आणि जावई कोण? तर पाणबुड्या!

'नोनोय, अरे दमलास ना, मग पाण्यात नको जाऊस.'

'आई, नोकरीच ती आहे माझी!'

'ते असू दे. पण वरून तरी पाऊस नको अंगावर. स्पर्धेच्या दिवशी वादळ आहे म्हणे. भिजशील रे!'

भिजशील! बायकोकडे बघितलं, मारिव्हिककडे, म्हटलं, समजाव तुझ्या आईला. तर ती म्हणते, 'काळजीच करतेय ना? भांडत तर नाही?' आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई गायब. दुपारी जीपनीतून उतरल्या, रिकामी टोपली हातात, चेहऱ्यावर असं समाधान! 'दिली,' म्हणाल्या. 'काय दिली?' 'अंडी. साध्या पावसाला एक डझन पुरतात. पण या वादळाला नाव ठेवलंय ना सरकारनं, म्हणून तीन डझन दिली.' मी म्हटलं, 'आई, कशाला? अहो, आम्ही भिजायलाच चाललोय!' तर त्या मला म्हणतात, 'समुद्राचं पाणी वेगळं.'

हसताय काय? माझं काळीज तीळ तीळ तुटत होतं!

त्यात ते टमरेल. होडीत पाणी आलं तर उपसायला एक टमरेल लागतं, यादीतच आहे ते: वल्ही सहा, दोरी एक, टमरेल एक. जेवढं घेऊन जाल तेवढं घेऊन परत यायचं, हा नियम. आमचं सरकारी टमरेल सरावात ताम्पुसच्या खाली आलं. ताम्पुस म्हणजे आमच्यातला सगळ्यात जड गडी, खाता खाता वल्हवतो. बसला, फटकन फुटलं. नवीन मागायला गेलो तर म्हणे तीन प्रती भरा, आठ दिवसांनी या. आता आठ दिवस कोणाकडे आहेत? मी घरी गेलो आणि न्हाणीघरातलं लाल टमरेल उचललं. सासूबाई दारात! 'कुठे?' म्हटलं, 'देशासाठी.' 'देशाकडे टमरेल नाही?' 'घेऊन जा. पण टमरेल परत आलं नाही ना, तर तूही येऊ नकोस.' तुम्हाला सांगतो, कमांडरांची आज्ञा एकवेळ मी विसरेन, पण ही नाही. मी ते टमरेल होडीला अशा गाठीनं बांधलं की ती गाठ सोडवायची तर मलाच यावं लागेल.

...जरा पुढे सरका, रांग हलली. आणि मागे तो टोपी डोळ्यांवर ओढलेला उंच गृहस्थ कोण आहे? बघा, पाठ फिरवली. असू दे, असेल कोणीतरी हौशी नवरा.

तर उजाडला स्पर्धेचा दिवस. मी खिडकी उघडली. बाहेर ऊन! असलं तसलं ऊन नाही, वाळवणं घालावीत असं ऊन! वादळ म्हणे आदल्या दिवशीच वळलं आणि उत्तरेला निघून गेलं. समुद्राकडे बघितलं तर ताटात वाढलेल्या पेजेसारखा, एक सुरकुती नाही. माझी पोरं, म्हणजे पोरं कसली, पस्तिशीचे बाप्ये सगळे, माझ्याकडे अशी बघत होती जणू वादळ मीच पळवलं. 'तांडेल, आता?' अंड्यांचं मी बोललोच नाही. कसं बोलणार? आणि किनाऱ्यावर पाहतो तर सासूबाई! फुलांची छत्री, डब्यात अख्ख्या पथकाला पुरतील एवढ्या शेवया, आणि हात हलवून ओरडतायत, 'नोनोय! बघितलंस का, एक थेंब नाही!' अहो, आम्ही भिजायलाच चाललो होतो!

सकाळी तलावातले प्रकार. पहिला, हातपाय बांधून खोल पाण्यात सोडतात. तळाला पाय टेकवायचा, उसळायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली, वीस मिनिटं. त्यात मी बरा, माझं पोटच मला वर आणतं. दुसरा, पाच मीटर खाली दोरीला गाठी मारायच्या, एका श्वासात एक, आणि पंच शेजारी बुडी मारून डोळे वटारून बघत राहणार, हिसका देऊन बघणार. त्यात आमचा बुर्दिओस, तरबेज माणूस, एका गाठीला दोनदा खाली गेला. दुपारी फळ्यावर बघतो तर डोंगरवाले दोन गुणांनी पुढे. उरली फक्त होड्यांची शर्यत. ती जो जिंकेल, स्पर्धा त्याची. एक किलोमीटरवर नारिंगी पिंप तरंगतंय, तिथवर जायचं, पंचाची शिट्टी झाली की होडी उलटी करायची, सहाही जणांनी पाण्यात, मग सुलटी करायची, परत यायचं, होडी डोक्यावर घ्यायची आणि वाळूतून चारशे पावलं झेंड्यापर्यंत.

मी म्हटलं, बांधा वल्ही. बुर्दिओस म्हणतो, 'तांडेल, समुद्र बघा! काय बांधायचं? वेळ जातो.' मी म्हटलं, 'बुर्दिओस, मला एकच पद्धत येते. वादळाची तालीम केलीय, वादळात गेल्यासारखंच जायचं. बांध.' पलीकडे डोंगरवाल्यांनी सगळं सामान होडीत नुसतं टाकलं आणि तयार! गालांगनं आमचं लाल टमरेल बघितलं, तीन फेरे देऊन बांधलेलं, आणि म्हणाला, 'काका, अंघोळ करूनच येणार वाटतं?' अख्खा किनारा हसला. सासूबाईसुद्धा! मी मनात म्हटलं, नोनोय, गोदाम. डावे वेगळे, उजवे वेगळे. आणि शिट्टी झाली.

काय सांगू! ती पोरं अशी सुटली की आम्हाला त्यांची पाठसुद्धा धड दिसेना. आम्ही आपले हाणतोय, हाणतोय, छातीचा भाता झालाय, आणि मी... आता कोणाला सांगू नका... मी सवयीनं ओरडलो, 'लाट!' सहा डोकी खाली! कुठली लाट? पाणी असं शांत की त्यात आमचीच तोंडं दिसतायत! मी जीभ चावली. पण तीन आठवड्यांची सवय, पुन्हा ओरडलो, 'लाट!' पुन्हा सगळे वाकले. तिसऱ्या वेळी किनाऱ्यावरचे लोकच आमच्याबरोबर ओरडायला लागले, 'लाऽऽट!' माझी मुलगी होती त्यांच्यात. थोरली.

तरी थांबलो नाही. थांबायचं नाहीच, शेवटून पहिले आलो तरी सरळ यायचं. पिंपाजवळ पोचलो तोवर डोंगरवाल्यांनी होडी उलटीसुद्धा केली होती, आणि काय दिमाखात! हवेत उडवून, पाणी उडवून, किनाऱ्याला दाखवत. सुलटी केली, वल्ही गोळा केली, टुणकन बसले, निघाले. आणि मी बघतो तर पिंपाशेजारी काय तरंगतंय? निळं टमरेल. त्यांचं. सरळ उभं, डुलत डुलत, जसं काही आमचीच वाट बघत होतं.

आता तुम्ही सांगा, काय करायचं? दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचा नाही, हा नियम. पण तोंड उघडायचं की नाही? ताम्पुस कुजबुजला, 'तांडेल, गप्प बसा. देवानं दिलंय.' बुर्दिओस म्हणाला, 'तांडेल, गोदाम आठवा!' आठवत नव्हतं होय? डोळ्यांसमोर होतं गोदाम, पंख्यांच्या राशीसकट! पण माझा बाप म्हणायचा, समुद्रात कोणाचं काही पडलेलं दिसलं आणि सांगितलं नाहीस, तर पुन्हा समुद्राला तोंड दाखवू नकोस. मी उभा राहिलो होडीत आणि जीव खाऊन ओरडलो, 'गालांग! तुझं टमरेल!'

त्यानं ऐकलं. मान वळवली. आणि त्याला काय वाटलं असेल? मघाच्या अंघोळीची मी परतफेड करतोय! हसला, हात वर केला आणि ओरडला, 'काका, तुमचं तुम्हाला लखलाभ!' आणि गेला.

आमच्या होडीत पाच माणसं माझ्याकडे बघतायत. मग ताम्पुस म्हणाला, 'आता सांगून झालं ना? मग उलटी करा होडी.'

उलटी केली. सुलटी केली. वल्ही हातालाच बांधलेली, टमरेल होडीला, काही शोधायला नको, काही मोजायला नको. आणि निघालो ते असे निघालो म्हणून सांगू, की माझ्या आयुष्यात मी तसा निघालो नाही. ना वारा, ना लाट, पाठीवर बसायला काही नाही, नुसत्या दंडांवर. डोळ्यांत घाम, घशात मीठ, बुर्दिओसच्या हाताची सालं निघालेली, आणि मी मोजतोय, हाण! हाण! हाण!

तिकडे डोंगरवाले झेंड्याशी पोचलेसुद्धा. तिथे पंच कोण? एक बारीकशी लेफ्टनंट बाई, हातात यादी. 'वल्ही सहा. आहेत. दोरी एक. आहे. टमरेल?' सहा राक्षस एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. गालांग म्हणाला, 'मॅडम, समुद्र इतका शांत होता, पाणीच आलं नाही, उपसायचं काय?' 'टमरेल.' 'मॅडम, एक साधं प्लॅस्टिकचं...' 'जिथे असेल तिथून आणा. होडीसकट.' आम्ही वाळूला लागलो तेव्हा ते होडी डोक्यावर घेऊन उलटे समुद्राकडे पळत होते. बाजूनं जाताना गालांगनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

पण संपलं नव्हतं हो! चारशे पावलं राहिली होती, आणि वाळू अशी तापलेली की पापड भाजावा. कोणामुळे? अंड्यांमुळे! होडी उचलली डोक्यावर. आता माझी गंमत तुम्हाला माहीत नाही. इतकी वर्षं झाली, होडी माझ्या डोक्याला टेकतच नाही. बाकीचे उंच, मी मधल्यामध्ये सावलीत चालतो. सगळी पथकं हसतात, 'नोनोय होडी वाहत नाही, होडीखाली फिरायला येतो.' त्या दिवशी ताम्पुसचे पाय लटपटायला लागले होते, मला दिसत होतं. मी गाठ सोडली, टमरेल काढलं, हेल्मेटवर उपडं घातलं, आणि... टेकली! होडी टेकली माझ्या डोक्यावर! मान आत गेली, दिवसा तारे दिसले, पण तुम्हाला खरं सांगतो, रडू आलं मला आनंदानं. चाललो. पडलो नाही. झेंडा आला. लेफ्टनंट बाई म्हणाल्या, 'वल्ही सहा. दोरी एक. टमरेल?' मी होडीखालून म्हटलं, 'डोक्यावर आहे, मॅडम.'

जिंकलो! जागा माझी! लोक नाचतायत, ताम्पुस वाळूत आडवा पडून शेवया खातोय, आणि सासूबाई धावत आल्या. मला वाटलं, मिठी मारतील. त्यांनी माझ्या डोक्यावरचं टमरेल काढलं, उन्हात धरलं आणि म्हणाल्या, 'चीर गेलीय.' मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'पण अंडी लागू पडली.' माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, 'आई, अंड्यांचा काय संबंध? अंड्यांनी तर घात केला होता! अहो, आम्ही भिजायलाच...' तर म्हणतात, 'वादळ असतं तर त्या मुलांनी टमरेल बांधलं नसतं?'

...बोला ना तुम्ही! मी अजून विचार करतोय, वर्ष झालं.

आणि हे सगळं साहेब मागे उभं राहून ऐकत होते. पुढे होऊन त्यांनी हात मिळवला. कोणाशी? सासूबाईंशी! आणि यंदाच्या सामानाच्या यादीत टाइप होऊन आलंय, वल्ही सहा, दोरी एक, टमरेल एक, अंडी छत्तीस, जबाबदार व्यक्ती: होनोरातो मागसिनो. होडीतली जागा हवी ना? मग धर टोपली! चाळिशी आली, आता डोंगरवाले टमरेल बांधणार हे काय मला कळत नाही? सासूबाईंनीच तर त्या गालांगला त्या दिवशी शेवया खाऊ घालता घालता सगळं सांगितलं, अंडी कुठे दिली, किती दिली, खिडकी कुठली... थांबा. थांबा थांबा. तो टोपीवाला... अहो, जरा इकडे तोंड करा... गालांग! अरे, तू? आणि टोपलीत किती? चार डझन? लाज नाही वाटत, सहा फुटांचा माणूस नवऱ्यामुलींच्या रांगेत उभा राहायला? 'काका, तुम्ही पण उभेच आहात.' मी... माझी गोष्ट वेगळी आहे!

आला माझा नंबर. गप्प बसा आता सगळ्याजणी. नमस्कार, सिस्टर. हो, छत्तीस. नाही, एकही फुटलेलं नाही. ऊन हवंय, सिस्टर, भरपूर ऊन... काय? लग्न कधी आहे? नाही सिस्टर, लग्न... म्हणजे बघा... ते आम्ही... भिजायला... जाऊ दे. सव्वीस तारखेला, सिस्टर. लिहा तुम्ही. हो, माझंच.

आणि हे मागचे? हे मुलीकडचे.